दोन रकाने

आमच्याकडे डोंगर ही बाई आहे.
एटना हे नाव नकाशावाल्यांचं,
आम्ही नुसतं म्हणतो, ती.
ती आज जागी आहे.
रात्री तिनं राख झटकली, द्राक्षं धुऊन घ्या.

त्या वसंतात ती उतरायला लागली,
तासाला चार मीटर.
न थांबवता येणारी गोष्ट इतकी सावकाश असते
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
लोक खुर्च्या घेऊन आले बघायला,
पाव, ऑलिव्ह, कडेवर तान्हं मूल,
आणि ती काचेचे पेले फुटावेत तशी किणकिणत
स्वतःच्याच कवचावरून घरंगळत
पुढे.

मी पालिकेचा मोजणीदार. हातात फॉर्म,
तळाशी दोन रकाने: उभे. पडले.
एकावर फुली मारायची.

चिरिनो रापिसार्दा दारात होता.
गवंडी. भिंत त्यानं स्वतः रचलेली,
दीड हात जाड, चुना कमी, दगडच जास्त.
"ही हलणार नाही," म्हणाला.
फुशारकी नव्हती. बटाट्याचं वजन सांगावं तसं सांगितलं.
मी म्हणालो, ती थांबणार नाही.
"माहीत आहे," म्हणाला.
"तीही खोटं बोलत नाही."

लहानपणी फादर व्हीतो वर्गात विचारायचे:
देवाला उचलणार नाही असा धोंडा
देव घडवू शकेल का?
मागच्या बाकावरून नुन्झियो म्हणाला होता,
"पण तो ठेवणार कुठे, फादर?"
आणि त्यानं छडी खाल्ली.
मला अजून वाटतं, वर्गात कामाचं
तो एकटाच बोलला.

दुपारी चिरिनोच्या बायकोनं घर झाडायला घेतलं.
व्हेनेरानं जाळी काढली, काचा पुसल्या,
मेजावर धुतलेला कपडा, पाव, मीठ,
आणि त्यांच्याच मळ्यातल्या वाइनची सुरई.
माझ्या तोंडून निघून गेलं, कुणासाठी?
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जणू मी आल्या पाहुण्याला
कधी जाणार, म्हणून विचारलं.
"इतक्या लांबून चालत येतेय ती," म्हणाली.
दार उघडं टाकलं.
किल्ली मात्र पिशवीत घातली.

रात्री अडीचला ती भिंतीला टेकली.
खुर्च्यांवरचे सगळे उठून उभे राहिले.
पैजा लागल्या होत्या, दोन्ही बाजूंनी.

भिंत हलली नाही.
ती थांबली नाही.
ती फक्त उंच होत गेली, भिंतीला लागून,
खिडकीपर्यंत, कौलांपर्यंत,
मग वळून दारातून आत गेली,
आणि मेजावरचा कपडा
एकदाच पेटलेला दिसला.

पैजेचे पैसे कुणी मागितले नाहीत.

"ऐकलंस?" चिरिनो म्हणाला. "पडल्याचा आवाज नाही."
नाही, मी म्हणालो.
"दगड तिचेच होते.
आजोबांच्या वेळी आली होती, तेव्हा सांडून गेलेली.
मी नुसते चौकोनी केले."

निवायला वर्ष लागलं. मग मी वर चालत गेलो, टेप घेऊन.
सगळं काळं. बुटाच्या तळव्याला अजून ऊब लागत होती.
ती कुठे संपते, भिंत कुठे सुरू होते,
मोजता आलं नाही.
खाली कुठेतरी, ओळंब्यात, तसूभरही न कललेली,
ती आहेच. तिला पाडायला कुणी उरलेलं नाही,
बघायलाही नाही.

चिरिनोला घरपट्टी अजून येते,
घर पडल्याची नोंद नाही म्हणून.
तो शिव्या घालतो आणि भरतो.
व्हेनेरा पावती किल्लीपाशी ठेवते.

फॉर्म माझ्या खणात आहे.
साहेब विचारतात तेव्हा सांगतो,
मोजणी चालू आहे.